रोज पुढे सरकणारी लाल रेघ

पत्र : डॉक्टर, मी नाशिकला इंदिरानगरात राहते. मुलगा सहा वर्षांचा, यंदाच पहिलीत गेला. मेच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही जव्हारमार्गे पालघरकडे समुद्रावर गेलो होतो. दोन्ही दिवस पोरगा वाळूतच. ह्यांनी त्याला गळ्यापर्यंत वाळूत पुरून फोटोही काढले. निघताना तळपायाला डांबरासारखं काहीतरी चिकटलेलं दिसलं, ते ह्यांनी पेट्रोलच्या बोळ्याने पुसलं. रात्री पाय लालभडक झाले, दोन दिवसांनी बरे झाले. आता शाळा सुरू होऊन आठवडा झाला, तर त्याच्या ढुंगणावर उजव्या बाजूला एक लाल, वळणावळणाची रेघ उठली आहे. रात्री खाजवत उठतो. सासूबाई म्हणतात नागीण आहे, त्यांनी गेरू लावला. मेडिकलवाल्याने गजकर्णाची ट्यूब दिली, तीन दिवस लावली, पण रेघ वाढतेच आहे. फेब्रुवारीत त्याला जंताची गोळी दिली होती, तरी शेजारच्या काकू म्हणतात जंतच असेल. धाकटी आठ महिन्यांची आहे, तिला लागेल का? समुद्रावर जायचा हट्ट माझा होता, त्यामुळे घरात सगळं खापर माझ्यावर फुटतंय. दिवाळीत दिवेआगरचं बुकिंग आहे, ते रद्द करू का? एरवी तो बाहेर कुठे जात नाही, खाली पार्किंगमध्येच खेळतो. कुंपणाच्या भिंतीचं काम चाललंय, तिथल्या वाळूत. पण ती काय, घरचीच वाळू.

उत्तर : ताई, पत्रातलं शेवटचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलंय, पण मी तिथेच अडकले. त्याकडे येतेच. आधी रेघेचं बघू.

नुसत्या फोटोवरून निदान सांगणं मला आवडत नाही. तरी तुमचे दोन फोटो शेजारी ठेवले की शंकेला फार जागा उरत नाही. सोमवारच्या फोटोत रेघ तिळाच्या वर एक वळण घेऊन थांबली आहे. गुरुवारच्या फोटोत तीच रेघ तीळ ओलांडून कमरेच्या दिशेने गेली आहे, आणि मागचं टोक फिकट पडलंय. एका टोकाला ताजी, दुसऱ्या टोकाला विझत आलेली, आणि दिवसाला काही मिलिमीटरपासून एक-दोन सेंटिमीटरपर्यंत पुढे सरकणारी अशी रेघ त्वचेच्या दुसऱ्या दुखण्यात क्वचितच दिसते. ही कुत्र्या-मांजरांच्या पोटात राहणाऱ्या आकडेकृमीची अळी आहे. काकूंचा अंदाज निम्मा बरोबर म्हणायचा. जंत आहे, पण पोराच्या पोटातला नाही.

खात्री करायची तर बॉलपेनने रेघेच्या ताज्या टोकाला टिंब काढा, शेजारी तारीख लिहा आणि दुसऱ्या दिवशी बघा. आंघोळीत पुसलं तर पुन्हा काढा. त्वचारोगतज्ज्ञाकडे जाताना हे टिंब आणि फोटो असले की पुरे. रक्त तपासणी, कातडीचा तुकडा काढणं असल्या गोष्टींची सहसा गरज पडत नाही, डॉक्टर नजरेने ओळखतात. खासगीत जायचं नसेल तर सिव्हिलला दाखवा, पण या आठवड्यातच दाखवा.

सासूबाईंना नागीण का वाटली हे मला कळतं. रेघ वळवळत जाते, आणि नागिणीने विळखा पूर्ण केला की माणूस दगावतो ही भीती आपल्याकडे पिढ्यान्पिढ्या चालत आली आहे. (ती भीतीही खरी नाही. विळखा पूर्ण झाला म्हणून कोणी मरत नाही.) नागीण हा कांजिण्यांच्याच विषाणूचा आजार. पूर्वी कांजिण्या होऊन गेलेल्या माणसाच्या मज्जातंतूत तो विषाणू दडून राहतो आणि पुढे कधीतरी डोकं वर काढतो. त्यात शरीराच्या एकाच बाजूला पट्ट्यासारखे पाणीदार फोडांचे झुबके येतात, खाजेपेक्षा ठणका जास्त असतो, आणि तो पट्टा काही रोज जागा सोडून पुढे चालत नाही. तुमच्या मुलाच्या अंगावर फोडांचे झुबके नाहीत, ठणका नाही. सासूबाईंना एवढं दाखवलंत तर त्या ऐकतील. गेरूने नुकसान झालेलं नाही, फक्त त्याखाली रेघ दिसेनाशी होते. तेव्हा आता लावू नका.

माझी खरी तक्रार त्या ट्यूबबद्दल आहे. मेडिकलमध्ये गजकर्णासाठी मिळणाऱ्या बऱ्याच ट्यूबांत बुरशीचं औषध, अँटिबायोटिक आणि तीव्र स्टेरॉइड असं सगळं एकत्र कालवलेलं असतं. स्टेरॉइडने लाली-खाज दोन दिवस दबते, घरच्यांना गुण आल्यासारखा वाटतो, आणि अळी आपली पुढे चालत राहते. लहान मुलाची कातडी पातळ, त्यात ती चड्डीखाली झाकलेली, म्हणजे औषध जास्तच आत शोषलं जातं. ट्यूबवरचं नाव मला वाचता आलं नाही, डॉक्टरांकडे जाताना ती बरोबर न्या. तोवर लावणं बंद.

आता ही अळी कातडीत येते कशी? जंत झालेल्या कुत्र्या-मांजराच्या विष्ठेतून त्याची अंडी बाहेर पडतात. ती विष्ठा ऊबदार, ओलसर, सावलीतल्या वाळूत किंवा मातीत पडली तर अंडी एक-दोन दिवसांत फुटतात, आणि पुढच्या पाच ते दहा दिवसांत अळ्या कातडीत शिरण्याच्या अवस्थेला पोचतात. ओल आणि सावली टिकली तर तीन-चार आठवडे तग धरतात. कोरडं कडक ऊन पडलं तर मरतात. डोळ्यांनी त्या दिसत नाहीत. उघडा तळपाय, मांडी किंवा ढुंगण वाळूला टेकलं की त्या आत घुसतात. कुत्र्याच्या शरीरात त्या खोल शिरून शेवटी आतड्यात पोचतात. माणसाच्या त्वचेचा खालचा थर भेदायची सामग्री त्यांच्याकडे नसते, म्हणून अनोळखी वाड्यात शिरून जिना न सापडलेल्या माणसासारख्या त्या वरच्याच मजल्यावर इकडून तिकडे फिरत बसतात. त्या फिरण्याची ही रेघ. कधी ना कधी त्या आपोआप मरतात, पण त्याला कित्येक आठवडे, प्रसंगी महिनेही लागतात. सहा वर्षांच्या मुलाला तेवढे दिवस रात्री-अपरात्री खाजवत ठेवायचं काहीच कारण नाही.

औषध सोपं आहे. आयव्हरमेक्टिन वजनानुसार एकदा, किंवा अल्बेंडाझोल सलग काही दिवस. यातलं कोणतं आणि किती हे डॉक्टर वजन बघून ठरवतील. १५ किलोच्या आतल्या मुलांना आयव्हरमेक्टिन सहसा देत नाहीत, म्हणून वजन काट्यावर घ्या, अंदाजे सांगू नका. खाज काही दिवसांतच उतरते. फेब्रुवारीतल्या गोळीचं म्हणाल तर १० फेब्रुवारीच्या जंतनाशक दिनी देतात ती अल्बेंडाझोलचीच गोळी असते, पण ती एकदाच देतात आणि त्या वेळी आतड्यात असलेल्या जंतांसाठी देतात. जूनमध्ये कातडीत शिरलेल्या अळीला ती कशी अडवणार? ऑगस्टची गोळी मात्र चुकवू नका. आत्ताचं औषध चालू असेल किंवा नुकतंच संपलं असेल तर शाळेत तेवढं सांगा.

सुईने टोकरून अळी काढायचा सल्ला कोणीतरी देईलच. ती रेघेच्या दिसणाऱ्या टोकाच्याही थोडी पुढे असते, त्यामुळे टोकरून हाती काही लागत नाही, जखम तेवढी होते. बर्फाने जाळणं, चटका देणं हेही त्याच कारणाने फुकट. नखं मात्र आजच कापा. खाजवून कातडी फुटली, त्यात पू झाला, भोवती लाली पसरली किंवा ताप आला, तर वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

धाकटीला हे भावाकडून लागणार नाही. एका अंथरुणात झोपली, एका टॉवेलने पुसली तरी नाही, कारण अळी माणसातून माणसात जातच नाही. त्याच वाळूत तिला बसवलंत तर मात्र तिलाही होऊ शकतं. आठव्या महिन्यात मूल हाती येईल ते तोंडात घालतं, हा तिच्या बाबतीतला वेगळा धोका. कुत्र्या-मांजरांच्या गोल कृमींची अंडी पोटात जाऊन दुखणं देतात. ती अंडी या अळ्यांपेक्षा पुष्कळ चिवट असतात, मातीत महिनोन्‌महिने टिकतात.

आता तुमची घरची वाळू.

समुद्रावरून तुम्ही मेअखेरीस परतलात, आणि रेघ उठली जूनच्या चौथ्या आठवड्यात. अळी शिरल्यापासून रेघ दिसेपर्यंत बहुतेकदा एक ते पाच दिवस जातात. कधीकधी काही आठवडेही लागतात, त्यामुळे समुद्र सुटला असं मी शपथेवर म्हणणार नाही. पण पोरगा रोज संध्याकाळी ज्या ढिगावर बसतो तो पार्किंगच्या छताखाली आहे, ऊन लागत नाही, पावसाची झड येते, गवंडी वर पाणी मारतात. आणि मांजराला घाण पुरायला मोकळ्या वाळूसारखी सोयीची जागा दुसरी नाही. पैज लावायची तर मी ढिगावर लावेन. जायचा हट्ट तुमचा होता हे खरं, पण रेघेचं खापर त्या सहलीवर फोडायला पुरावा फार कच्चा आहे. हे उत्तर घरात मोठ्याने वाचून दाखवायला माझी हरकत नाही.

एकट्या तुमच्या सोसायटीचंही हे नाही. २०२७ च्या सिंहस्थाची कामं निघाली आहेत, त्यात घरोघरची बांधकामं, त्यामुळे नाशकात जागोजागी वाळू-खडी येऊन पडलेली दिसते. नदीची वाळू असो की क्रशरची करडी कचखडी, मांजराला फरक पडत नाही. सेक्रेटरींना सांगून ढिगावर ताडपत्री घालून घ्या, कडेला विटा ठेवायच्या म्हणजे मांजर खालून शिरणार नाही. पण झाकलं म्हणजे ती वाळू खेळायला सुरक्षित झाली असं नाही. ताडपत्रीखाली ओल टिकते, आत आधीपासून जे आहे ते राहतंच. काम संपेपर्यंत मुलांना तिथे बसू देऊ नका. सिमेंट कालवलेल्या भागाजवळ तर अजिबात नको, ओलं सिमेंट कातडी भाजतं. फिनेल शिंपडून प्रश्न सुटेल असं कमिटीत कोणीतरी म्हणेल. अंडी-अळ्या त्याने जातील या भरवशावर राहू नका, मुलांच्या कातडीला मात्र ते नक्की झोंबेल. मुलांसाठी वाळू हवीच असेल तर उन्हात येणारा एक छोटा चौकोन करा, त्याला रात्री लावायचं झाकण करा, अधूनमधून वाळू वरखाली करून उन्हं खाऊ द्या आणि वर्षातून एकदा बदला. ज्यांच्या घरी कुत्री-मांजरं आहेत त्यांनी त्यांना वेळच्या वेळी जंताचं औषध द्यावं. सोसायटीत मुक्काम ठोकून असलेल्या मांजरांनाही कोणी खाऊ घालत असेल, तर पशुवैद्याला विचारून त्यातूनच औषध देता येतं. त्यांना हाकलून उपयोग नाही, दुसरी येतात.

पेट्रोलबद्दल मात्र तुमच्या ह्यांना दोन शब्द ऐकवावे लागतील. तळपायाला चिकटलं ते डांबरच म्हणायचं. समुद्रात सांडलेलं किंवा जहाजांनी सोडलेलं तेल उन्हावाऱ्याने घट्ट होतं, त्याचे गोळे बनतात, आणि पावसाळ्याच्या तोंडाशी वारे फिरले की पश्चिम किनाऱ्यावर येऊन पडतात. म्हणून मेअखेरीस ते दिसणं नवल नाही. असा गोळा एकदा पायाला लागला म्हणून बहुतेक मुलांना काही होत नाही, एखाद्याला पुरळ येतं. तुमच्या मुलाचे पाय लाल झाले ते डांबरापेक्षा पेट्रोलने झाले असण्याचीच शक्यता मला जास्त वाटते. पेट्रोल, रॉकेल, थिनर यांनी त्वचेवरचं तेलकट आवरण निघून जातं, कातडी जळते, आणि बंद गाडीत त्याचा वास मुलाच्या फुप्फुसात जातो. खोबरेल किंवा गोडंतेल चोळायचं, पाच मिनिटं थांबायचं, कापसाने पुसायचं, मग साबणाने धुवायचं. दोन-तीन वेळा करावं लागेल, पण निघतं.

मुलांच्या बाबतीत वाळूची काळजी मोठ्यांपेक्षा जास्त का करायची? मोठा माणूस किनाऱ्यावर चालतो, फार तर चटईवर बसतो. मूल वाळूतच बसतं, लोळतं, ओल्या चड्डीत वाळू भरून घेतं आणि तेच हात तोंडाकडे नेतं. वजनाच्या मानाने त्याच्या अंगाची कातडीही मोठ्यांपेक्षा जास्त असते. २०१० मध्ये मेक्सिकोच्या आखातात प्रचंड तेलगळती झाली. त्यानंतर फ्लोरिडा आणि टेक्सासच्या किनाऱ्यांवर संशोधकांनी मुलांच्या खेळण्याचं चित्रीकरण करून ती वाळूत नेमकं काय करतात, हात किती वेळा तोंडात जातात, अंगाला किती वाळू चिकटते हे मोजलं होतं. तेलगळतीनंतर किनारा मुलांसाठी सुरक्षित आहे का हे ठरवायचं, तर आधी मुलं खेळतात कशी हे माहीत हवं, एवढा साधा विचार त्यामागे होता. ओली आणि बारीक वाळू सगळ्यात जास्त चिकटते, म्हणजे किल्ला बांधायला मुलांना आवडते तीच.

पुरून फोटो काढणं मला पटत नाही. वाळू जंतू साठवून ठेवते. मैलापाण्यातले जंतू किनाऱ्यावरच्या वाळूत शेजारच्या पाण्यापेक्षाही जास्त सापडल्याची उदाहरणं पुष्कळ आहेत, आणि जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांत पाण्याबरोबर वाळू तपासायला सांगितलं आहे. अमेरिकेतल्या किनाऱ्यांवर हजारो लोकांची पाहणी झाली, त्यात वाळू खणणाऱ्यांना पोटाचे त्रास न खणणाऱ्यांपेक्षा जास्त झाले, आणि अंग वाळूत पुरून घेणाऱ्यांना आणखी जास्त. फोटो काढायचाच तर पाय पुरून काढा.

दिवेआगर रद्द करू नका. फक्त जागा निवडून बसा. आपण मराठी माणसं किनाऱ्यावर पोचलो की पहिल्यांदा सुरूच्या सावलीत चटई टाकतो, डबे उघडतो, आणि मुलं तिथेच खणायला लागतात. गावातली कुत्री दुपारी तिथेच पसरलेली असतात, घोडागाडीही तिथेच उभी राहते. भरतीचं पाणी तिथवर पोचत नाही, सावलीने ओल टिकते. म्हणजे अळीला हवं ते सगळं तिथे आहे. मोठ्यांनी खुशाल सावलीत बसावं, पण चप्पल घालून आणि चटईवर. मुलांचा किल्ला मात्र भरतीच्या पाण्याने रोज धुऊन निघणाऱ्या, उन्हातल्या पट्ट्यात. तिथे लाटांकडे लक्ष ठेवायला एक मोठं माणूस हवंच. ओढा किंवा गटार जिथे समुद्राला मिळतं तिथून लांब राहा, आणि जोराचा पाऊस पडून गेल्यावर एक-दोन दिवस तर नक्कीच, कारण गावातलं सगळं वाहून त्या वेळी किनाऱ्यावर येतं. पायाला कापलेलं असेल किंवा आत्ताच्या जागी खाजवून जखम उरली असेल तर ती पूर्ण भरेपर्यंत वाळूत बसू देऊ नका.

आणि भेळ. मूल वाळूतून धावत येतं, हात चड्डीला पुसतं आणि कागदाच्या पुडीत बोटं घालतं. समुद्राच्या पाण्यात हात बुचकळले म्हणजे धुतले असं नाही. पाच लिटरचा गोड्या पाण्याचा कॅन आणि साबणाची वडी गाडीत ठेवा, आधी हात, मग भेळ. खोलीवर गेल्यावर लगेच आंघोळ, चड्डी काढून मांड्यांच्या घड्या आणि बोटांच्या बेचक्या पाण्याने धुवायच्या. कोरड्या टॉवेलने वाळू झटकत बसू नका, कातडी खरचटते. ओली चड्डी घालून मुलाला तासन्‌तास गाडीत बसवू नका, नाशिकपर्यंतच्या रस्त्यात मांड्या सोलून निघतात आणि मग घरी आल्यावर तेही कसलं तरी इन्फेक्शन वाटायला लागतं.

गाडीत खोबरेल तेलाची छोटी बाटली असू द्या, डांबर लागलंच तर. आणि परत आल्यावर दोन-तीन आठवडे आंघोळीच्या वेळी तळपाय, मांड्या आणि ढुंगण एकदा नजरेखालून घाला. नवी रेघ दिसली तर मेडिकलमध्ये न जाता पेनाचं टिंब काढून थेट डॉक्टरकडे.